सपाट मुलखाचें छायाचित्र व त्यास योग्य लेन्स

छायाचित्रणाची हौस असलेला मनुष्य पुण्याचा असो कीं नागपूरचा, चार दिवसांची सुटी मिळाली कीं तो सह्याद्रीचे कडे गांठतो, कोंकणचा किनारा गांठतो, आणि विदर्भांतच राहिला तर चिखलदऱ्यास किंवा लोणारच्या सरोवराकडे वळतो. लोणारहून वाशीम कांहीं फार दूर नाहीं. परंतु त्याच वाटेनें आणखी पुढें जावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. खुद्द वाशीमच्या रहिवाशास विचारलें तर तोहि म्हणतो, "आमच्याकडे आहे काय? शेतें, टेकड्या आणि आभाळ." हें उत्तर खोटें नाहीं. मात्र या शेतांचीं व टेकड्यांचीं चित्रें फिकीं कां निघतात याचें कारण पुष्कळदां त्या मुलखांत नसून कॅमेऱ्यास लावलेल्या लेन्समध्यें असतें, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशे मीटर उंचीवर आहे. या पठाराच्या एका अंगाचें पाणी काटेपूर्णेनें उत्तरेस पूर्णा नदीला व पुढें तापीला मिळतें. दुसऱ्या अंगाचें पैनगंगेच्या वाटेनें गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतें. म्हणजे एकाच सरींतला एक थेंब अरबी समुद्राचा आणि दुसरा बंगालच्या उपसागराचा! एवढा मोठा जलविभाजक येथें आहे, तरी तो उंच कड्याच्या रूपानें कोठें उभा राहत नाहीं. मुरमाड माळ, काळ्या जमिनीचीं शेतें, आणि त्यापलीकडे सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेल्या काळ्या दगडाच्या टेकड्या, एकीमागें एक, शेवटची निळसर होऊन आभाळांत विरलेली. या भूमीपाशीं उंची थोडी आहे. अंतर मात्र पुष्कळ आहे.

आतां बहुतेकांच्या हातीं असतें तें साधन पाहावें. मोबाइल फोनची मुख्य लेन्स, ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबानें, साधारण २४ ते २८ मिलिमीटरची भरते. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सनेंहि हौशी मनुष्य पुष्कळदां याच टोकास चित्र घेतो, कारण "देखावा सगळा यावा" अशी त्याची इच्छा असते. देखावा सगळा येतो, पण त्यांत दिसत कांहींच नाहीं. समजा, तीन किलोमीटरवर साठ मीटर उंचीची टेकडी आहे. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीवर २८ मिलिमीटरची लेन्स ती टेकडी जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच उमटविते. चौकटीच्या उंचीचा चाळिसावा हिस्साहि नाहीं. डोळ्यांना भव्य वाटलेली रांग कागदावर पेन्सिलीची एक रेघ होते. तीच टेकडी ८५ च्या लेन्सनें चौकटीचा चौदावा हिस्सा व्यापते, १३५ च्या लेन्सनें नववा. हा आंकडा अजूनहि लहान वाटेल. परंतु मागेंपुढें अशा तीनचार रांगा असल्या म्हणजे चित्र भरून येण्यास तेवढें पुरतें.

मग ३०० किंवा ४०० ची लेन्स घेऊन टेकडीच चौकटभर कां आणूं नये, असा प्रश्न निघेल. पक्षी टिपणाऱ्यांना तशा लेन्सचा उपयोग आहे. भूमीच्या चित्रांत मात्र टेकडी आपल्या गांवापासून, तळ्यापासून व शेतापासून तोडली गेली कीं तिची ओळख बुजते. भूमीचे निरनिराळे भाग एकमेकांशीं कसे लागलेले आहेत हें दिसावयास हवें, आणि तें काम ८५ पासून १३५ पर्यंतच्या टप्प्यांत, ज्यास मध्यम टेलिफोटो म्हणावें, चांगलें साधतें. एक किलोमीटरवर ८५ ची लेन्स सुमारें सव्वाचारशें मीटर रुंदीचा पट्टा घेते आणि १३५ ची पावणेतीनशे मीटरांहून थोडा कमी. एवढ्या पट्ट्यांत एक तळें, त्याची पाळ, पाळीवरचीं झाडें आणि मागची टेकडी सहज मावतात.

येथें एक रूढ समजूत दूर करणें अवश्य आहे. टेलिफोटो लेन्स दूरच्या वस्तूंना जवळ ओढते व अंतर दाबून टाकते, असें सर्रास सांगतात. खरें पाहतां वस्तूंचें परस्पर प्रमाण लेन्स ठरवीत नाहीं. तें उभें राहण्याची जागा ठरविते. चारशें मीटरवरचा पळस आणि आठशें मीटरवरचा तेवढाच उंच पळस यांत दुसरा पहिल्याच्या निम्मा दिसणार, मग लेन्स कोणतीहि असो. मध्यम टेलिफोटो एवढेंच करते, कीं पायाजवळचा मोकळा माळ चौकटीबाहेर ठेवून या दोन पळसांनाच चित्राचा विषय करते. फाल्गुनांत माळावर विरळ विरळ फुललेले पळस रुंद लेन्समध्यें तांबड्या ठिपक्यांसारखे विखुरतात. शंभर मिलिमीटरच्या आसपास तेच एकमेकांच्या मागें येऊन रंगाचा पट्टा होतात.

खोलीचा हा प्रश्न या भागांत जुना आहे. अजिंठ्याचीं पुष्कळ लेणीं ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळांत कोरलीं गेलीं, त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. त्या लेण्यांतील भित्तिचित्रें नकलून घेण्यास १८४४ सालीं नेमलेला मद्रास फौजेंतील अधिकारी रॉबर्ट गिल पुढें छायाचित्रणाकडे वळला, आणि अजिंठा-वेरूळचीं त्याचीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनासह १८६४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. तो जोड-भिंगांचा कॅमेरा वापरी. दोन डोळ्यांसाठीं दोन चित्रें घेऊन दर्शकयंत्रांतून पाहिलीं कीं खोली प्रत्यक्ष उभी राही. एका लेन्सच्या कॅमेऱ्याला ही सोय नाहीं. त्याला खोली सुचवावी लागते, ती एकीमागें एक येणाऱ्या आणि मागें मागें फिकट होत जाणाऱ्या थरांनीं. आणि असे थर वाशीमच्या पठारावर जितके हवे तितके आहेत.

लेन्स खरेदीस निघालेल्याची खरी फसगत होते ती वेगाच्या बाबतींत. दुकानदार एफ-१.४ ची लेन्स पुढें करतो, कारण ती सर्वांत महाग असते, आणि अधिक किंमतीची वस्तु अधिक चांगलीच असली पाहिजे असें गिऱ्हाइकासहि वाटतें. लग्नसमारंभांत, अंधुक मांडवांत, माणसांचे चेहरे टिपणाराला ती उपयोगीं पडेल. भूमीचें चित्र मात्र एफ-८ च्या आसपास घ्यावयाचें असतें. निकॉनच्या ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स शेजारीं ठेवून पाहाव्या: २०१० सालची एफ-१.४ ची लेन्स ५९५ ग्रॅम वजनाची, तर २०१२ सालची एफ-१.८ ची ३५० ग्रॅमची. पहिलीला ७७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, दुसरीला ६७ चा. एफ-८ वर दोघींच्या चित्रांत फरक शोधावयाचा तर भिंगच घेऊन बसावें लागेल; खांद्याला मात्र तो संध्याकाळपर्यंत आपोआप कळतो.

जुन्या कारागिरांना हें ठाऊक होतें. लाइत्स कंपनीनें १९३२ सालीं लायका कॅमेऱ्यासाठीं १०५ मिलिमीटरची एक लेन्स काढली, तिचें सर्वांत मोठें छिद्र अवघें एफ-६.३. डोंगर चढणारांसाठीं ती मुद्दाम हलकी केलेली होती. तिला 'बेर्ग एल्मार', म्हणजे डोंगरी एल्मार, हेंच नांव पडलें. आज एफ-६.३ ची स्थिर लेन्स कोणी दुकानांत मागितली तर विक्रेता हंसेल. पण ज्यानें ती योजिली त्याला भूमीचें चित्र कोठें उभें राहून घेतात याची चांगली कल्पना होती.

८५ कीं १३५, हा वाद मात्र किंमतीवर मिटत नाहीं. तो पुढच्या वस्तूवर मिटतो. ८५ ची लेन्स एफ-८ वर ठेवून तीस मीटरवर केंद्रित केली तर सुमारें पंधरा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. १३५ ची त्याच छिद्रावर शहात्तर मीटरवर केंद्रित करावी लागते, आणि स्पष्टता अडतीस मीटरच्या पुढें सुरू होते. म्हणजे बांधावरची बाभूळ आणि मागची टेकडी दोन्ही हव्या असतील तर ८५ च्या लेन्सला थोडें मागें सरलें कीं पुरतें. १३५ च्या लेन्सला अर्धें शेत ओलांडून मागें जावें लागेल. छिद्र एफ-१६ च्याहि पलीकडे लहान करून ही अडचण सोडवूं पाहणारा विवर्तनामुळें सगळेंच चित्र थोडें मऊ करून घेतो. वाशीमच्या शेतीच्या मुलखासाठीं ८५ ते १०५ हा टप्पा म्हणूनच अधिक सोयीचा. कारंजा-सोहोळच्या गवताळ रानासारख्या मोकळ्या जागीं, जेथें जवळ कांहींच नाहीं, १३५ शोभते. ज्याच्या कॅमेऱ्याची चौकट लहान, म्हणजे दीडपट गुणकाची आहे, त्यानें ८५ च्या जागीं ५६ समजावें.

पैसे मोजण्यापूर्वीं घरच्या घरीं एक परीक्षा करतां येते. जाड पुठ्ठ्यांत ७.२ × १०.८ सेंटिमीटरची खिडकी कापावी. पुठ्ठ्याला दोरा बांधून त्यास साडेपंचवीस, साडेएकतीस व साडेचाळीस सेंटिमीटरवर तीन गांठी माराव्या. गांठ डोळ्याच्या कडेशीं धरून, दोरा ताणून, एक डोळा मिटून खिडकींतून पाहिलें कीं अनुक्रमें ८५, १०५ आणि १३५ ची लेन्स पूर्ण चौकटीवर काय घेईल तें समोर दिसतें. वाशीमजवळच्या एकबुर्जी तलावाच्या कांठीं किंवा कारंज्याकडे अडाण धरणाच्या पाण्यापाशीं हा पुठ्ठा घेऊन एक सकाळ काढली तर दुकानांतली निम्मी चर्चा वांचेल. ज्याच्यापाशीं जुनीं चित्रें आहेत त्यानें तीं कापून पाहावीं. ५० मिलिमीटरनें घेतलेलें २४ मेगापिक्सेलचें चित्र ८५ च्या मापास कापलें तर सव्वाआठ मेगापिक्सेल उरतात, आणि आठ बाय बारा इंचांच्या छापास तेवढे पुरतात. ज्याला एवढाच छाप हवा, त्यानें नवी लेन्स न घेतलेली बरी.

लेन्स आली तरी हवा आपल्या हातीं नसते. उन्हाळ्यांत सकाळचे नऊ वाजून गेले कीं काळ्या जमिनीवरून तापलेली हवा लहरत उठते, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती लहर चित्रांत अधिक दिसते. भारी लेन्स विकत घेऊनहि टेकडीची कड थरथरलेलीच येते. पहिला पाऊस पडून धूळ बसली कीं, आणि पुढें दसऱ्याच्या आसपास सोयाबीन पिवळें पडतें तेव्हां, सकाळचा पहिला तास घ्यावा. सूर्य बाजूस ठेवून पोलरायझर फिरविला तर दूरचा धुरकटपणा कांहींसा कमी होतो. रुंद लेन्समध्यें त्यानें आभाळ एकीकडे गडद व दुसरीकडे फिकें होतें. मध्यम टेलिफोटोचा कोन लहान असल्यामुळें तो दोष जवळजवळ दिसत नाहीं. मात्र प्रकाश दीडदोन पायऱ्यांनीं घटतो, म्हणून ट्रायपॉड हवा.

अरुंद चौकटीचा आणखी एक गुण, ज्याला कोणी दोषहि म्हणेल, तो असा कीं तिच्यांतून नको तें सहज वगळतां येतें. विजेचे खांब, आणि आतां या जिल्ह्यांतून गेलेला समृद्धि महामार्ग, ज्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, हे सर्व दोन पावलें सरकून बाहेर ठेवतां येतात. प्रत्येक चित्र कांहीं तरी वगळतेंच. त्यांत लबाडी नाहीं. पण चार किलोमीटरवरची टेकडी गांवाच्या पाठीशीं आणून खालीं "डोंगराच्या कुशींतलें गांव" असें लिहिलें तर ती थाप होते, आणि त्या गांवचा मनुष्य ती एका नजरेंत ओळखतो.

जुनी लेन्स स्वस्त मिळाली तर घ्यावयास हरकत नाहीं. फक्त तिच्यांतून विजेरीचा झोत आरपार सोडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी व सौदा मोडावा. चांगली निघाली तरी पावसाळ्यांत ती कातडी पिशवींत ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी.