लिफ्टचा दोर आणि लिफ्टचे दार

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना पुष्कळांच्या मनात पाल चुकचुकते : दोर तुटला तर? आम्हां संघटनेच्या माणसांना धास्ती आहे ती दाराची.

उंच इमारतीतली लिफ्ट म्हणजे एक तागडीच. पोलादी दोर माथ्यावरच्या खोबणीच्या चाकावरून जातात. एका टोकाला पिंजरा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. हे वजन रिकाम्या पिंजऱ्याहून पूर्ण भाराच्या सुमारे निम्म्याने जड. मोटारीने ओढायचा तो केवळ दोहोंतला फरक. म्हणूनच रिकामा पिंजरा आपण होऊन वर जाऊ पाहतो! थोड्या मजल्यांसाठी तेलाच्या दाबाने दट्ट्या सारून पिंजरा उचलणारी लिफ्टही असते.

दोर एकटा नसतो, अनेक असतात. आणि सगळेच तुटले तर? १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला व त्याने दोर कापवला. फळी तिथेच अडकली. आजही वेग मर्यादेबाहेर गेला की पिंजऱ्याचे जबडे रुळांना धरतात.

दाराचे तसे नाही. मजल्यावरचे दार उघडे असता लिफ्ट हलू नये म्हणून कुलपात विजेचा जोड असतो. तो बिघडला की लिफ्ट बंद, वर रहिवाशांची ओरड. मग कुणीतरी त्या जोडावर तार टाकतो. लिफ्ट चालू, सगळे खूश! आता उघड्या दारानेही पिंजरा निघतो, आणि दार उघडणाऱ्यापुढे विहीर असते. पिंजऱ्याच्या टपावर चढणाऱ्या कारागिराने आपले थांबवण्याचे बटण आधी तपासायचे असते. त्याला लागतात दोन मिनिटे; खालून हाका सुरू झालेल्या असतात.