दुसरी प्रत

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण कवितेवर घर चालत नाही, म्हणून गेली सत्तावीस वर्षं मी सांगलीत एका करसल्लागारांच्या कचेरीत नोकरी करतो. बाजारातले लोक त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. मराठी घेऊन बीए झालेला माणूस जमाखर्चात कसा रमला, असं मला विचारतात. मी सांगतो, दोन्हीकडे एक मात्रा चुकली की सगळं बिघडतं. आज मात्र बोलायचं आहे ते एका यंत्राबद्दल. सर्व्हरबद्दल.

सर्व्हर म्हटलं की मोठ्या कंपनीतली काचेची थंडगार खोली डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे पाच टेबलं, पाच संगणक आणि कोपऱ्यात सहावा. अडीचशे अशिलांचे टॅलीतले हिशेब, विवरणपत्रांच्या प्रती, स्कॅन केलेली पासबुकं, सगळं त्या सहाव्यात. आम्ही त्याला सर्व्हर म्हणायचो. खरं तर तो साधा घरगुती संगणक होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा आम्ही तो उचलून वरच्या मजल्यावर नेला. वह्यांची गाठोडी मात्र खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर कित्येक दिवस गच्चीवर खातेवह्या वाळत होत्या. संगणक वाचला, म्हणून आम्ही खूश होतो. त्या पुरातून आम्ही एवढंच शिकलो की संगणक उंचावर ठेवावा. त्यातल्या हिशेबांची दुसरी प्रत हवी, हे शिकलो नाही.

मग २०२४ चा जुलै आला. विवरणपत्रांची शेवटची तारीख ३१ जुलै, आणि २६ जुलैला सकाळी आमच्याकडची मुलगी म्हणाली, “चाचा, सर्व्हर उठत नाही.” जवळ जाऊन ऐकलं, तर आतून टक्‌ टक्‌ आवाज. हार्ड डिस्क गेली होती.

आता माझी चूक सांगतो. दर शनिवारी बॅकअप घेण्याचं काम माझं होतं. बाहेरची डिस्क भरली, तेव्हा पडद्यावर तशी सूचना आली. मार्चची गडबड होती, मी ‘ओके’ दाबलं आणि पुढच्या कामाला लागलो. नंतर दर शनिवारी तेच. शेवटची धड प्रत निघाली ती ९ मार्चची. म्हणजे ज्या वर्षाची विवरणपत्रं भरायची, त्याच वर्षाचे पक्के केलेले हिशेब गेले.

भरलेली विवरणपत्रं सरकारी पोर्टलवरून परत उतरवता येतात. पण त्यामागचे हिशेब तिथं नसतात. आम्ही अशिलांना फोन केले. एक विधवा बाई खानावळ चालवतात. त्या बिलांची पिशवी पुन्हा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “चाचा, मागच्या वेळी कमी पडली होती का?” त्यांना वाटलं, चूक त्यांचीच असेल. मला उत्तर सुचलं नाही.

पाच रात्री आम्ही जागलो. तरी चार विवरणपत्रं तारीख उलटून गेली. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर विलंब शुल्क १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ५,०००. ते वकीलसाहेबांनी खिशातून भरलं. मला ते रागावले नाहीत. ऑगस्टमध्ये एवढंच म्हणाले, “चाचा, चूक तुमची. आता यंत्रही तुम्हीच निवडा.”

तीन दरपत्रकं आली. एकात लोखंडी कपाटात बसणारा मोठा सर्व्हर, किंमत तीन लाखांच्या घरात. त्याचे पंखे असे घोंघावतात की शेजारी बसून अशिलाशी बोलता येणार नाही. दुसऱ्यात पुन्हा घरगुती संगणकच, फक्त नवा. तिसरा म्हणाला, काहीच घेऊ नका, सगळं क्लाउडवर ठेवा. दोघांच्या कचेरीला तिसरा सल्ला चांगला आहे. पण आमच्याकडे पाचजण एकाच वेळी टॅलीवर असतात आणि पावसाळ्यात इंटरनेट रुसतं.

मग मी आधी मोजलं. सतरा वर्षांचा आमचा सगळा पसारा भरला १८० जीबी. विकणारे सांगत होते त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे आम्हाला ताकद नको होती, भरवसा हवा होता. हे कळलं आणि निवड सोपी झाली.

आम्ही टेबलाखाली मावणारा, उभा, छोटा सर्व्हर घेतला. घरगुती संगणकाहून त्यात मुख्य फरक दोन. पहिला, दोन डिस्क. जे एकीवर लिहिलं जातं, ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी काम थांबत नाही. याला ‘रेड’ म्हणतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये आपल्या निबंधात हे नाव दिलं.

दुसरा फरक स्मृतीचा. संगणक आकडे शून्य आणि एक यांत लिहितो. एक लाख ही संख्या तशी लिहिली आणि तिच्यातला सर्वांत डावीकडचा एक चुकून शून्य झाला, तर एक लाखाचे ३४,४६४ होतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर कुणाला पत्ता लागत नाही. सर्व्हरमधली ‘ईसीसी’ मेमरी असा एकटा चुकलेला बिट ओळखून स्वतःच दुरुस्त करते. मात्रा तपासणारा संपादकच म्हणा ना!

तिसरी गोष्ट यूपीएस. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर वीज जाता-येताना संगणक कधी कधी बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लिहिता लिहिता बंद पडलं की फाइल बिघडते. आमचा यूपीएस वायरीनं सर्व्हरशी जोडलेला आहे. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला नीट मिटायला सांगतो.

सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसलं. पण एवढ्यावर थांबू नका. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हीवरून पुसली जाते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूनं जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या. असा विषाणू आरशातली प्रतही सोडत नाही. म्हणून तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक वेगळ्या जागी. आमच्याकडे बाहेरच्या दोन डिस्क आहेत. एक कचेरीच्या कपाटात, दुसरी मिरजेत माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. दर शुक्रवारी अदलाबदल.

जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. पण मला कायद्याआधी आई आठवते. शेजारणी तिच्याकडे दागिने ठेवायला द्यायच्या. ती म्हणायची, अमानत आहे, आपल्या वस्तूपेक्षा जास्त जपायची. शुक्रवारी मिरजेच्या बसमध्ये माझ्या पिशवीत डब्याशेजारी अडीचशे घरांचे पॅन, आधार आणि बँकेचे आकडे असतात. म्हणून त्या डिस्कला सांकेतिक कुलूप आहे आणि किल्ली वकीलसाहेबांच्या तिजोरीत.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एक काम करतो. चिठ्ठी टाकून एक अशील निवडायचं, त्याचे हिशेब बॅकअपवरून वेगळ्या संगणकावर उतरवायचे आणि ताळेबंद जुळतो का बघायचं. परत उतरवून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नये. मी पाच महिने तसं म्हणत होतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन ऑडिटच्या दिवसांत, सर्व्हरवर पिवळा दिवा लागला. एक डिस्क गेली होती. दुसऱ्या दिवशी नवी बसवली. पाचही टेबलांवरचं काम चालूच होतं. खानावळीच्या बाई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांना काही कळलंही नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या जुन्या डिस्कवर माझ्याही चाळीस कविता होत्या. वहीतून, पाठांतून एकतीस परत मिळाल्या. नऊ गेल्या. त्या पुन्हा लिहून देणारं कुणी पिशवी घेऊन येणार नव्हतं. आता कवितांचं फोल्डरही शुक्रवारच्या यादीत आहे, सर्वांत शेवटी.

तुमच्याकडे दुकानाचे हिशेब असतील, मुलांचे फोटो असतील. त्यांची दुसरी प्रत कुठं आहे, आणि ती उघडते का, एवढं आज बघून ठेवा.