मुक्या जिवाचा उन्हाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कुणी ना कुणी उन्हाळी पदार्थांवर बोलते. पन्हे झाले, सरबते झाली, गेल्या वर्षी मलई कुल्फीही झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुम्ही काय सांगणार?" मी म्हटले, "कुत्र्याची कुल्फी." त्या हसल्या. आता तुम्हीही हसलात. हसा, माझी हरकत नाही. पण माझे सगळे बोलणे ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्र सांगण्याचा माझा आव नाही. गुरांच्या डॉक्टरांनी जे सांगितले आणि घरात जे सोसले, तेवढेच मी सांगणार आहे.

आपल्या अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा! वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. आपण कूलर लावतो, डोक्याला ओला पंचा बांधतो, कांदा खिशात ठेवतो. आपल्याला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर घालवावी लागते. हवाच तापलेली असली की त्या धापाही पुऱ्या पडत नाहीत. वर अंगावर केसांची गोधडी आहेच.

आमच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा होता. सासऱ्यांनी तो पिल्लू असताना पिशवीत घालून आणला होता. सासरे गेल्यावर तो सासूबाईंच्या खाटेखाली निजू लागला. २०१९ च्या मे महिन्यात नात्यात एक लग्न होते. आम्ही सगळे सकाळीच निघालो आणि मोतीला मागच्या अंगणात टिनाच्या छपराखाली बांधून गेलो. सावली आहे, घमेले भरून पाणी आहे, म्हणून निर्धास्त होतो. दुपारी दोनला परत येऊन पाहते तो पाणी सांडलेले, टीन तव्यासारखे तापलेले आणि मोती एकसारखा धापा टाकतो आहे. तोंडाला चिकट लाळ, हिरड्या लालभडक, उभा राहिला तर पाय लटपटत.

मी त्याला आत घेतले. फ्रीजमध्ये मुलांसाठी केलेली मलई कुल्फी होती, ती बशीत काढून त्याच्यापुढे ठेवली. पाण्यात बर्फ टाकून दिला. त्याने चार वेळा जीभ लावली. मला वाटले, झाले, पोटात गार गेले, आता निवेल. लग्नाचा शीण होता, मी आडवी झाले. पाच वाजता उठले तेव्हा तो ओकला होता, रक्ताची जुलाब झाली होती आणि हाक मारली तरी मान उचलत नव्हता. डॉक्टर आले. त्यांनी ताप पाहिला, तो १०७ अंशांवर होता. रात्री मोती गेला.

डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, पोटात गार घालून ऊन उतरत नाही. अंगावर पाणी ओतायला हवे होते, तेही दोन वाजता." ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी खाट दुसऱ्या खोलीत हलवली.

म्हणून माझी पहिली गोष्ट ही की, गार खाऊ हा ऊन लागू नये यासाठी आहे. ऊन लागल्यावरचे औषध तो नव्हे. कुत्र्याचा ताप एरवीच आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ते १०२॥ अंश असतो. तो १०६ च्या वर गेला की जिवावर बेतते. धाप थांबत नाही, हिरड्या लाल होतात, झोक जातो, ओकारी होते, असे काही दिसले की कुत्र्याला सावलीत घ्यावे आणि सगळ्या अंगावर पाणी ओतत राहावे. पोट, जांघा, पंजे सगळे भिजवावे आणि पंखा किंवा कूलर लावावा. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरून ठेवू नये, त्याने वाफ कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते छातीत जाते. एकीकडे पाणी चालू ठेवून दुसरीकडे डॉक्टरांना गाठावे. कुत्रा उठून बसला तरी दाखवावेच, कारण आतली इजा वरून दिसत नाही. आणि एक लक्षात ठेवा, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजेल असे असते. म्हणून आमच्याकडे आता सावलीत एक रांजण भरलेला असतो. तो केवळ या कामासाठी.

आता खाऊकडे वळते. दोन वर्षांनी मुलाने एक पिल्लू आणले. मी नको म्हणत होते. सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे, यावेळी आपल्याला कळते." तिचे नाव राणी. उन्हात राणी पाण्याकडे ढुंकून पाहत नाही, पण चाटायला गार काही दिले की अर्धा तास त्यातच रमते आणि नकळत पाणी पोटात जाते. हाच या खाऊचा खरा उपयोग.

सगळ्यांत सोपा ताकाचा. गोड दही एक वाटी, पाणी दोन वाट्या, घुसळून लहान स्टीलच्या वाट्यांत गोठवावे. मीठ नको, साखर नको, जिरे नको. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, दही बहुधा सोसते. तरी पहिल्या दिवशी चमचाभरच देऊन पाहावे. दुसरा टरबुजाचा. बिया आणि साल काढून लाल गर कुस्करावा आणि गोठवावा. उरलेल्या काकडीचे बारीक तुकडेही त्यात चालतात, कडू नाही ना हे आधी चाखून पाहावे. तिसरा, ज्यांच्या घरी चालते त्यांच्यासाठी, कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून त्या पाण्याचा. निवल्यावर वरची चरबी काढावी आणि हाडे अजिबात ठेवू नयेत, शिजलेले हाड चिरफाळते. आमच्या राणीला हाच सर्वांत प्रिय. शाकाहारी घरात दुधी किंवा गाजर उकडून, कुस्करून त्याच पाण्यात घालावे.

वाटी फ्रीजबाहेर काढून पाच मिनिटे पाण्यात धरावी. खाऊ सुटतो आणि जीभ गार स्टीलला चिकटत नाही. कुल्फीसारखी काडी कधी खोचू नये, कुत्रा ती गिळतो. दगडासारखा बर्फ चावू देऊ नये, दात तुटतात. पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला अर्धवट गोठलेलाच द्यावा. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक लहान वाटी पुरे, लहानग्याला त्याची निम्मी. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावा. मी तो सकाळी अकराच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, घरात कूलरपुढे देते.

आपल्या कुल्फीतला वाटा मात्र कधीही देऊ नका. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणजे श्रीखंडातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, जायफळ नको. बिनसाखरेच्या म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत आणि मिठाईत झायलिटॉल नावाची साखर असते. आपल्याला ती चालते, कुत्र्याला ती थोडीही विष आहे. आपली जीभ ज्याला लाड म्हणते, ते त्याच्या पोटाला लाड नसते, हे मी मोतीच्या बशीवरून शिकले.

काही मैत्रिणी म्हणतील, "नळाला रोज पाणी येत नाही, माणसे पाण्यासाठी उभी राहतात आणि ही कुत्र्याला बर्फ देते!" हे मला शेजारी ऐकवले गेले आहे आणि त्यात काही खोटे नाही. पण ताकाच्या त्या वाटीत अर्धा पेलासुद्धा पाणी नसते. तेवढे तर आपण ताट विसळताना सांडतो. आणि ज्या जिवाला आपण साखळीने बांधले, त्याला स्वतःची सावलीही शोधता येत नाही. ती शोधून देणे आपल्याकडे लागते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुल्फी नको. त्यांच्यासाठी भिंतीच्या सावलीत एक मातीचे कुंडे ठेवा. रोज धुऊन नवे पाणी भरा, नाही तर डास होतात. फिरायला नेत असाल तर पहाटे किंवा दिवस मावळल्यावर बऱ्याच वेळाने न्या. आधी आपला तळहात डांबरावर टेकवून पाहा. आपल्याला सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर त्याच्या पंजालाही तो रस्ता सोसणार नाही.

सासूबाई आता थकल्या आहेत. पण उन्हाळा लागला की रोज अकराला त्या मला खाटेवरून विचारतात, "राणीची वाटी दिलीस का ग?" खाट पुन्हा पहिल्या जागी आली आहे आणि राणी तिच्याखाली असते.