खांदा आधी, छाती नंतर

टी-शर्ट अंगाला बसणे ही आधी खांद्याची बाब आहे, छातीची नंतर. बाजारात मात्र माप छातीवरून ठरते: एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, आणि तेही कंपनीगणिक बदलते. कारखान्यात एका मापाचा पॅटर्न बनतो, बाकीची मापे ठरीव वाढीने निघतात. छाती २ इंच वाढली की खांदाही साधारण अर्धा इंच वाढवतात. माणूस असा वाढत नाही. चाळिशीत पोट सुटते, खांद्याचे हाड जिथल्या तिथे राहते. (पुढच्या रांगांत हशा.) एक्सएल घेणाऱ्याच्या पोटाची सोय होते आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते.

कलबुर्गीच्या बंद पडलेल्या एमएसके या कापडगिरणीची कहाणी आणि २०२३ मध्ये जाहीर झालेले पीएम मित्रा वस्त्रोद्यान श्रोत्यांना ठाऊक आहेच. पण कर्नाटकातल्या भालकीत, बसवकल्याणात किंवा आळंदमध्ये टी-शर्टाचा छोटा धंदा काढणाऱ्याला गिरणी लागत नाही, मापांची वही लागते. ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षणसंस्थेने इंडियासाईज प्रकल्पात देशातल्या सहा शहरांत सुमारे २५,००० लोकांची मापे स्कॅनरने घेण्याचे योजले, बिदर-कलबुर्गी भागाला त्यातले जवळचे शहर हैदराबाद. औरादच्या शेतात राबणाऱ्या अंगाचे माप औरादलाच, टेपने घ्यावे लागेल: खांदा, छाती, पोट, मुंढा (बाही जोडायची गोलाई), उंची. त्यावरून प्रत्येक छातीला दोन खांदे आणि दोन उंच्या ठेवता येतात. तीन छात्यांचे बारा प्रकार झाले. माल पडून राहील, हा दुकानदारांचा आक्षेप रास्त आहे. (मागून टाळ्या; त्या बहुधा दुकानदारांच्याच.) त्यावर उपाय रंग कमी करण्याचा. पांढरा आणि काळा पुरे. दहा रंगांत बेढब कपडा विकण्यापेक्षा हे बरे.

माप बरोबर आले तरी कापड दगा देते, आणि इथे थोडे थांबणे भाग आहे. शर्टाचे कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणतात. टी-शर्टाचे कापड गोल यंत्रावर फाशांत फासा अडकवून तयार होते, म्हणून ते ताणले जाते. चांगला शिंपी असूनही साध्या मशीनवर टी-शर्ट बिघडतो तो यामुळेच: कापड ताणते, सरळ टीप ताणत नाही, टाका तुटतो. टोकदार सुई फासा फोडते, म्हणून गोल टोकाची लागते. धाग्याच्या पिळामुळे कापडाला तिरपेपणा असतो. दोन धुण्यांत बगलेची शिवण पोटावर येते. (येथे बऱ्याच श्रोत्यांनी खाली वाकून स्वतःच्या शिवणी पाहिल्या.) आटणे वेगळेच. २८ इंच उंचीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तर जवळजवळ दीड इंच जातो, आणि हात वर केला की पोट उघडे. तो दोष पुष्कळदा मुंढ्याचाही असतो: मुंढा खोल कापला की हाताबरोबर सगळा कपडा वर ओढला जातो. म्हणून तिरुप्पूरहून कापडाचा रोल आला की कापायची घाई करू नये. उलगडून एक रात्र सैल पडू द्यावा, त्यातला ५० सेंटीमीटरचा चौकोन आखून धुवावा, वाळवावा, पुन्हा मोजावा. जेवढा आटला तेवढी वाढ पॅटर्नमध्ये धरावी.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवले.) उरलेले थोडक्यात. ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक ही दोन यंत्रे हवीतच. नसल्यास शिलाई जॉब वर्कवर द्यावी, कटिंग मात्र हाताखालीच ठेवावी. कापड किलोवर मिळते. १८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या कापडाच्या एका किलोत मध्यम मापाचे चार-पाच नग निघतात, आणि गळ्याची रिब वेगळी घ्यावी लागते. जीएसटीचे गणित सीमेवर जरा अवघड आहे: राज्यातल्या राज्यात छोट्या उलाढालीला नोंदणीची सूट मिळते, पण भालकीचा माल शेजारच्या, महाराष्ट्रातल्या उदगीरच्या दुकानात गेला की तो परराज्यातला व्यवहार ठरतो. तिथे पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते.