पहिला आवाज कोणाचा?

(अभ्यासवर्गातील भाषण)

साथींनो,

बैठक संपताना साहेब विचारतात, "कोणाची काही अडचण?" आपण सारे गप्प. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाच्या तोंडी तेच: गँगमध्ये माणसे कमी, गाडी येते का ते पाहायलाही माणूस उरत नाही, सॉर्टिंगमध्ये थैल्या उचलून कंबर मोडली. मग आत आपण तोंड का उघडले नाही? भित्रे आहोत म्हणून? एवढे सोपे ते नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. या तिन्हींपैकी पहिलीएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचे. लहान मुलालाही जमेल असे काम. पण गटात खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे आधी शिकवून ठेवलेले. ते बहुतेक फेऱ्यांत एकमुखाने चुकीची रेघ सांगत. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश वेळा हा एकटाही स्वतःच्या डोळ्यांना दिसलेले सोडून त्यांच्यामागे गेला. तिथे नोकरीची भीती नव्हती, साहेबही नव्हता. चारचौघांत वेगळे पडण्याचा संकोच तेवढा होता.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. गटातील दुसऱ्या एकानेच खरे उत्तर दिले, की ही चुकीची उत्तरे शेकडा 5-6 वर आली. तो सोबती मध्येच फिरून बहुमताला मिळाला, की ती पुन्हा वाढली. उत्तर कागदावर लिहायला सांगितले, तेव्हाही चुका पुष्कळ घटल्या.

आपल्या बैठकीत काय होते? शेजारच्याचे मौन पाहून आपल्याला वाटते, याची काही तक्रार नाही. आपले मौन पाहून त्यालाही तेच वाटते. रुळावर अशा मौनाची किंमत जिवाने मोजावी लागते.

म्हणून तीन गोष्टी करू. बैठकीआधी प्रत्येकाची अडचण कागदावर लिहून घेऊ. कोण बोलणार ते ठरवू, आणि तो बोलताच दुसऱ्याने उठून दुजोरा द्यायचा. उद्या त्याला मेमो मिळाला, तर त्याला एकटे सोडायचे नाही.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. शाखेतही ठराव 'एकमताने' मंजूर होतात. तिथे एखादा हात खाली राहिला, तर त्याला फितूर म्हणण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेऊ. कदाचित त्यालाच बरोबर दिसत असेल.

कामगार एकजूट झिंदाबाद!