दोन वर्षांचं ग्रीन कार्ड
लग्नाच्या आधारावर अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालं, पण तेव्हा लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर ते सशर्त असतं आणि चालतं २ वर्षंच. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६च्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा. नुसता लग्नाचा अल्बम जोडून भागत नाही. दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, एकत्र भरलेला कर, असे संसाराचे कागद लागतात. घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर लग्न खरं होतं हे दाखवून एकटीलाही अर्ज करता येतो. त्याला ९० दिवसांचं बंधन नाही. नवरा सही करत नाही म्हणून गप्प बसलेल्या मुलींना त्यांच्या आईवडिलांनी हे जरूर कळवावं.