लिंबाची काडी आणि मशेरीची डबी

(वर्षावासातील आरोग्य प्रबोधन सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दात कशाने घासावेत, हा आजचा विषय आहे. एवढ्या मोठ्या सभेत हा काय विषय, असे काहींना वाटेल. पण आम्ही ज्या घरात वाढलो त्या घरातली सकाळ सांगतो. परसात कडुनिंबाचे झाड होते. वडील त्याची काडी मोडून चावत चावत बाहेर पडत. चुलीपाशी पत्र्याची एक डबी असे. तीत तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मशेरी असे. ती आजी, आई आणि आत्या लावत. दोन्ही रीती वाडवडिलांपासून चालत आलेल्या. दोन्हींना आम्ही ‘दात घासणे’ असेच म्हणत होतो. त्यांतला फरक आम्हांला फार उशिरा कळला, आणि त्याची किंमत आमच्या आत्याने मोजली.

काडीने दात घासण्याची रीत या देशात फार जुनी आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तिची हकीकत आहे. काही भिक्खू दात घासत नसत, त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा भगवंतांनी दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे सांगितले : डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला घाण येते, रस नेणाऱ्या वाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नाला वेढतात आणि अन्न गोड लागत नाही. मग दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारूही लागले. तेव्हा आठ अंगुळांपेक्षा लांब काडी नको, असा नियम झाला. मग एका भिक्खूने फारच आखूड काडी चावली, ती घशात गेली. तेव्हा चार अंगुळांपेक्षा आखूड नको, असे ठरले. विद्यार्थी मित्रांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनुभव आला, अडचण दिसली, तसा नियम सुधारला.

सुश्रुतसंहितेत कडू झाडांत निंब, तुरट झाडांत खैर, गोड झाडांत मोह आणि तिखट झाडांत करंज दातणासाठी उत्तम मानले आहेत. सातव्या शतकात नालंदा विहारात राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही आपल्या ग्रंथात इथल्या दंतकाष्ठाचे वर्णन केले आहे. काडीचे टोक चावून दात घासावेत, मग ती चिरून जीभ खरवडावी, ही रीत त्याने लिहून ठेवली.

आता आजचे विज्ञान काय म्हणते? दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. त्यातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दात किडतो. हाच थर हिरड्यांपाशी राहिला तर त्या सुजतात, रक्त येते. काडीचा कुंचा हा थर घासून काढतो, हे तिचे पहिले काम. शिवाय कडुनिंबाच्या अर्काने या जंतूंची वाढ रोखली जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. बाभळीच्या सालीत तुरट द्रव्य असते, त्याने हिरड्या आवळतात. यात चमत्कार काही नाही.

काडी वापरायची तर नीट वापरावी. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, ताजी, कोवळी काडी घ्यावी. औषध फवारलेल्या शेताच्या बांधावरची नको. धुऊन एक टोक चावावे, मऊ कुंचा झाला की हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळू फिरवावा. पुढचे दात चमकवून थांबू नये. दाढा आणि दातांची आतली बाजूही घासावी. जोर लावला तर हिरड्या सोलतात. वापरलेले टोक टाकून द्यावे. एकाच झाडाला ओरबाडू नये. रात्री झोपताना दात घासण्याची सवय आपल्याकडे कमी आहे, ती लावून घ्यावी.

काडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. किडलेली दाढ काडीने बरी होत नाही. काडीत फ्लोराइड नसते. किडीपासून दात राखण्यात फ्लोराइडच्या पेस्टचा फायदा सिद्ध झालेला आहे, म्हणून मुलांना ब्रश-पेस्ट मिळत असेल तर ती बंद करू नका. लिंबोळीचे तेल लहान मुलांच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका, ते विषारी ठरते. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दातांचे कवच झिजते.

आता मशेरीकडे येतो. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर हा कायदा पोहोचत नाही. आमची आत्या म्हणे, “मशेरीने दाढ ठणकायची थांबते, डोकं हलकं होतं.” दिवसातून पाच-सहा वेळा ती बोट फिरवी. डोके हलके होत होते ते तंबाखूच्या नशेने. ठणका फक्त झाकला जात होता. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तो आम्ही शिकलेल्यांनीही पाहिला नाही, कारण बाईमाणसाच्या तोंडात कोण पाहतो? पुढे तिला भाकरी चावेना, तोंड उघडेना. दवाखान्यात नेले तेव्हा कर्करोग पसरला होता. शेवटचे महिने ती पेजेवर जगली. परसातले लिंबाचे झाड तिच्या खाटेवरून दिसत असे.

माता-भगिनींनो, तुम्हांला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला डबीचाच विसावा होता. पण गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, हेही आता कळले आहे. सोडताना काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल. तेव्हा घरच्यांनी टोमणे मारू नयेत, कामाला हात लावावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड कमी उघडत असेल, तर शासकीय दंत महाविद्यालय किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. लवकर सापडलेला रोग बरा होऊ शकतो.

परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, हिताचे काय आणि अहिताचे काय ते स्वतः जाणून घ्या, असा उपदेश भगवंतांनी कालामांना केला. तोच निकष आपण घरच्या डबीला आणि परसातल्या झाडालाही लावू या. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईला, आजीला दिव्यापाशी बसवा आणि एकदा तोंड उघडायला सांगा. आम्ही जे केले नाही, ते तुम्ही करा.

नमो बुद्धाय. जय भीम.